दोनशे माणसांची भरीत पार्टी

दोनशे माणसांना ऐंशी किलो वांगी. हा आकडा आधी पक्का करायचा, बाकीचं सगळं त्यावरून मोजता येतं. जळगावात कॉलनीची, गल्लीची, ऑफिसची भरीत पार्टी ठरली की पहिला वाद इथेच होतो. कुणी म्हणतं शंभर किलो घ्या, कुणी म्हणतं साठात भागेल. लग्नाच्या पंगतीत भरीत चार पदार्थांपैकी एक असतं, तिथे माणशी पावशेर वांगं पुरतं. इथे ताटात मुख्य तेच, आणि थंडीत शेतात बसून माणूस घरच्यापेक्षा दीडपट खातो. म्हणून माणशी चारशे ग्रॅम कच्चं वांगं धरायचं. भाजून, सोलून, देठ काढून, पाणी निथळून एका किलोचा सहाशे ते सव्वासहाशे ग्रॅम गर हाती येतो. ऐंशी किलोचा पन्नास किलो, म्हणजे माणशी पाव किलो. वर पाच किलो जास्तीची घ्यायची. ती किडक्या वांग्यांत जातात, आणि नाही गेली तर कच्च्या, म्हणजे फोडणीविनाच्या, भरताला कामी येतात.

तारीख ठरवताना पंचांग उघडावंच लागतं. चातुर्मासात वांगं आणि कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरं आपल्याकडे अजून बरीच आहेत. त्यांचं वांगं सुटतं मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला. खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की मग. त्यामुळे चंपाषष्ठी ते संक्रांत हा खरा हंगाम. त्यातले मार्गशीर्षातले गुरुवार आणि दोन्ही एकादश्या टाळायच्या. दत्तजयंतीच्या आसपास शहादा तालुक्यातली सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार बघायला अर्धी तरणी मंडळी तिकडे पळतात, म्हणजे जाळावर उभं राहणारे हात कमी होतात. एकतीस डिसेंबर बहुतेकांना हवा असतो. त्या दिवशी गाव जागं असतं, मुलांच्या शाळेची अडचण नसते, सगळं खरं. पण त्याच आठवड्यात वांग्याचा भाव चढतो, चांगला माल सकाळी सातलाच संपतो आणि शेत मिळत नाही. आमचं मत विचाराल तर जानेवारीचा पहिला किंवा दुसरा रविवार घ्या. थंडी तेव्हा अंगात मुरलेली असते, आणि वांगंही.

थंडी आणि वांगं यांचा संबंध नुसता मूडचा नाही. भरताचं वांगं थंडीत सावकाश वाढतं, गर भरतो आणि बी कोवळं राहतं. ऊन तापायला लागलं की तेच झाड लवकर बी धरतं, साल जाड होते, गरात कडवटपणा उतरतो. फेब्रुवारी सरता सरता केलेलं भरीत दाताखाली बियांनी कचकचतं ते यामुळे. हे वांगं म्हणजे फिकट हिरवं, त्यावर पांढुरक्या रेषा, लांबट-फुगीर, चांगलं पोसलेलं असेल तर अर्धा किलोच्या पुढे जाणारं. बामणोद, असोदा, भादली ही त्याची नावाजलेली गावं. असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर, आणि भरतासाठी असोद्याचं वांगं मागणारी माणसं बाजारात आजही दिसतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावीही 'जळगावची वांगी' अशी पाटी लावून माल विकला जातो. पाटीवर जाऊ नका, वांगं हातात घ्या.

हातात घेतल्यावर काय बघायचं? आकाराच्या मानाने ते हलकं लागलं पाहिजे. दोन सारखीच वांगी दोन हातांत धरली आणि एक जड लागलं, तर जड त्या वांग्यात बी धरलेलं असतं. अंगठ्याने दाबून सोडलं की खड्डा लगेच भरून यायला हवा. राहिला तर वांगं शिळं. देठ हिरवा, काटेरी, टवटवीत असावा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे भोक. फळ पोखरणारी अळी आत शिरते ते टाचणीएवढं भोक देठाच्या टोपीखाली लपलेलं असतं, म्हणून टोपीची कड नखाने उचलून बघायची. ऐंशी किलोत प्रत्येक वांग्याची टोपी कुणी उचलत नाही, हे मान्य. पण प्रत्येक क्रेटमधली पाच-सहा उचला. दोनात भोक निघालं तर ते क्रेट सोडून द्या.

आकार सारखा हवा. चारशे ते सहाशे ग्रॅममधली वांगी निवडली की ती एका जाळावर एकाच वेळी होतात. किलोचं वांगं फोटोला छान दिसतं, पण ते होईपर्यंत शेजारची चार करपतात. आदल्या संध्याकाळी माल आणला असेल तर तो गोणीत किंवा ढिगात ठेवायचा नाही. ओट्यावर गोणपाट पसरून एकेरी मांडायचा. ढिगात आतली वांगी रात्रभरात उबतात, सकाळी मऊ पडलेली असतात, आणि मऊ वांगं जाळावर फुटतं.

आता काड्या. सगळ्यात आधी, पार्टीच्या पंधरा दिवस तरी आधी, काड्यांची सोय लावायची. वांगी यांच्याच जाळावर भाजायची. पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, किंवा तुराट्या म्हणजे तुरीच्या, दोन्ही चालतात. अडचण अशी की डिसेंबरात कपाशी अजून शेतात उभी असते, वेचणी चालू असते, आणि यंदाची तूर कापणीला आलेली नसते किंवा नुकतीच कापलेली असते. नवी पऱ्हाटी ओली असते. ती पेटत नाही, नुसती धुमसते, आणि तिच्या धुराचा कच्चट वास वांग्याला लागतो तो फोडणीनेही जात नाही. म्हणून गेल्या वर्षीच्या, गोठ्याच्या आडोशाला ठेवलेल्या काड्या शोधायच्या. काडी हातात मोडली की कडकन आवाज आला पाहिजे. दहा किलो वांग्यांना कवेत मावेल एवढा एक भारा लागतो, म्हणजे आठ भारे, आणि दोन हाताशी. भारे बांधलेली प्लास्टिकची सुतळी सोडून, गोळा करून बाजूला टाकायची. ती आगीत गेली तर सगळ्या घाण्याला वास येतो.

गॅसवर किंवा कोळशावर का नाही, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. गॅसची आच एका जागी लागते, साल तिथे जळते, आत गर अर्धा कच्चा राहतो आणि धुराचा वास मुळीच येत नाही. कोळशावर वांगं होतं, पण हळू, आणि तेवढ्या वेळात आतलं पाणी आटून गर चिवट होतो. काडीचा जाळ मोठा, झटकन येणारा आणि झटकन उतरणारा. ज्वाळा वांग्याला चारही बाजूंनी चाटून जाते, साल काळी पडून सुटते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो. भरताची सगळी चव या पंधरा-वीस मिनिटांत ठरते. फोडणीत भरीत बिघडलं असं क्वचित होतं. बिघडतं ते जाळावर. कडुलिंबाच्या फांद्या मात्र जाळात घालू नका, धूर कडवट होतो.

शेत निवडताना पाणी आणि वारा बघायचा. गिरणेकाठचा मळा असो की असोदा रस्त्याचं शेत, विहिरीवरची मोटर चालू आहे आणि त्या वेळेत वीज आहे हे शेतमालकाला आधी विचारून घ्यायचं. शेतीची वीज पाळीने येते, संध्याकाळी ती नसली तर दोनशे माणसांचे हात धुवायला पाणी नाही. पाचशे लिटरची एक टाकी दुपारीच भरून ठेवावी. जाळाची जागा कडब्याच्या गंजीपासून, वाळलेल्या तुरीपासून आणि उभ्या गव्हापासून निदान तीस पावलं दूर, मोकळ्या जमिनीवर. आधी झाडून काढायची, भोवती हातभर पट्टा पाण्याने भिजवायचा, भरलेल्या चार बादल्या जवळ ठेवायच्या. संध्याकाळी वारा दिशा बदलतो, तेव्हा ठिणग्या कुठे जातील याचा अंदाज आधीच घ्यावा.

वेळेचं गणित उलटं मांडतो आम्ही. डिसेंबरअखेर जळगावात सूर्य सहाच्या आत मावळतो. वांगी सोलण्याचं काम उजेडातच झालं पाहिजे, कारण अळी आणि राख दिव्याच्या उजेडात दिसत नाही. म्हणून पहिला जाळ साडेतीनला. सव्वापाचपर्यंत सोलणं संपवायचं, सहाला ठेचणं, साडेसहाला फोडणी, सातला पंगत. हे वेळापत्रक एक तासाने घसरलं की सगळं बॅटरीच्या उजेडात येतं.

भाजण्याआधी प्रत्येक वांग्याला दाभणाने किंवा सुरीच्या टोकाने चार-पाच टोचे मारायचे, एक तरी देठाजवळ. टोचा नसेल तर आतली वाफ कोंडते आणि वांगं फटाक्यासारखं फुटतं, गरम गर जवळच्या माणसाच्या हातावर उडतो. देठ काढायचा नाही, तोच पुढे धरायला मूठ म्हणून उपयोगी पडतो. तेलाचा हात लावायची पद्धत घरच्या एक-दोन वांग्यांना ठीक, इथे गरज नाही.

जमिनीवर काड्यांचा एक वीत जाडीचा थर आडवा-उभा रचायचा. त्यावर वीस किलो वांगी, म्हणजे साधारण चाळीस नग, एकमेकांना न चिकटवता, देठ बाहेरच्या बाजूला करून. वर काड्यांचा पातळ थर. रॉकेल, डिझेल काही नको, वाळलेलं गवत किंवा तुरीचा पाला पेटवायला पुरतो. पेटवायची बाजू महत्त्वाची. वारा जिकडे चाललाय त्या टोकाकडून पेटवायचं, म्हणजे जाळ वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकतो. वाऱ्याच्या बाजूने पेटवलं तर दोन मिनिटांत भडका सगळ्या थरावरून निघून जातो, साली काळ्या होतात, आत वांगी जशीच्या तशी.

जाळावर दोनच माणसं, हातात पाच-सहा फुटांच्या हिरव्या काठ्या, अंगात सुती कपडे. नायलॉनचं जॅकेट घालून जाळाजवळ कुणालाही उभं राहू द्यायचं नाही, थंडी असली तरी. पहिला भडका उतरला की वांगी काठीने अर्धा फेरा फिरवायची आणि कच्च्या दिसणाऱ्या बाजूला मूठ-मूठ काड्या सरकवायच्या. दर तीन-चार मिनिटांनी एकदा. सारखं ढोसत राहिलं तर साल फाटते, गरात राख जाते, आणि एकदा आत गेलेली राख निघत नाही. इथे हमखास आठ-दहा सल्लागार गोळा होतात. 'जिभाऊ, अजून काड्या टाका', 'आबा, आता काढा'. जाळावरचा माणूस एकच, शब्द त्याचाच, हे आधी सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं.

वांगं झालं हे कसं ओळखायचं, ते जवळून सांगतो. साल आधी तुकतुकीत काळी होते, मग तिच्यावर सुरकुत्या पडतात, मग पोट बसतं. देठाच्या टोपीखालून रस बारीक बुडबुडे काढत बाहेर येतो आणि चुर्र आवाज होतो. एवढ्यावर फसायचं नाही. पोट नेहमी आधी होतं, मान सगळ्यात शेवटी. दाभण देठाच्या लगेच खाली खुपसायचं. लोण्यात गेल्यासारखं गेलं तर उतरवा, किंचित जरी अडलं तर मान निखाऱ्यावर करून आणखी दोन-तीन मिनिटं. मान कच्ची राहिलेलं वांगं ठेचताना स्पंजासारखं उडतं, गाठी राहतात, आणि खाणाऱ्याच्या घशाला खवखवतं. एका घाण्यातली पाच-सहा वांगी मागे राहतातच, ती पुढच्या घाण्यात टाकायची. असे चार घाणे. प्रत्येक घाण्यानंतर राख एका बाजूला ओढायची आणि नवा थर शेजारी रचायचा. त्याच गरम राखेवर रचला तर खालून लगेच पेटतो आणि वांगी मांडणाऱ्याचे हात भाजतात.

उतरवलेली वांगी थेट सोलायला घेऊ नयेत. बांबूच्या मोठ्या टोपलीत केळीचं पान अंथरून त्यात ठेवायची, वर ओलं पिळलेलं गोणपाट, दहा मिनिटं. वाफेने साल सुटी होते. टोपली दोन विटांवर ठेवली म्हणजे काळपट कडसर पाणी खाली निथळून जातं. पातेल्यात ठेवली तर ती त्याच पाण्यात पडून राहतात आणि भरीत काळं, पातळ होतं.

सोलायला दहा माणसं लागतात, आणि नेमकी याच वेळी माणसं पांगतात. मुलं पतंगामागे, पुरुष गप्पांत, आणि काम चार काकू-वहिनींच्या गळ्यात. दहा नावं आदल्या दिवशीच ठरवून घ्या, त्यात पाच पुरुष. एका वांग्याला दोन मिनिटं, एकशेसाठ वांगी, दहा माणसं, अर्ध्या तासाचं काम. चौघांवर टाकलं तर दीड तास, तोवर वांगी गार होऊन साल परत चिकटते. प्रत्येकासमोर एक ताट आणि बोटं बुडवायला वाटीभर पाणी. देठ डाव्या हातात, उजव्या हाताने साल वरून खाली ओढायची. वांगं पाण्याखाली धरून धुवायचं नाही. असं धुतलं की साल पटकन निघते, पण धुराचा सगळा वास पाण्याबरोबर जातो आणि ज्यासाठी काड्या जमवल्या तेच हरवतं. सालीचे चार-दोन काळे ठिपके राहिले तर राहू द्या.

सोलल्यावर वांगं बोटांनी उभं फाडून आत बघायचं. प्रत्येक. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या वांग्यात अळीचा तपकिरी मार्ग सापडतो. मार्ग छोटा असेल तर तेवढा भाग काढून उरलेलं घ्या, जास्त असेल तर पूर्ण टाका. दोनशे माणसांत एकाच्या ताटात अळी निघाली तर पंगतभर बातमी जाते. देठ शेवटी तोडायचा, आणि त्याला लागून असलेला शिजलेला गर चमच्याने खरवडून घ्यायचा. सगळ्यात धुरकट चव तिथे असते.

आता बडगी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: एकाच लाकडात कोरलेलं, होडीसारखं लांबट, पसरट भांडं, आणि सोबत लाकडी मुसळ. खानदेशात भरीत घोटायचं ते यातच. मिक्सरमध्ये गराची पेस्ट होते, चिकट आणि सपक. लोखंडी खलात काळसर पडतं. लाकडात गर ठेचला जातो पण त्याचे धागे धागे राहतात, आणि भरताला ते धागेच पाहिजेत. बडगी आदल्या दिवशी पाण्याने भिजवून ठेवायची, नाहीतर कोरडं लाकूड मिरचीचं तेल पिऊन घेतं. एका वेळी चार-पाच किलो गर मावतो. दोन बडग्या असतील तर पन्नास किलोला अर्धा-पाऊण तास. मुसळ उचलून आपटायचं नाही, आपटलं की गर उडतो. दाबून पुढे ओढायचं, परत दाबायचं.

बडगीत आधी मिरची जाते. ऐंशी किलो वांग्यांना चार किलो हिरवी मिरची: तीन किलो पोपटी, कमी तिखट, आणि एक किलो लवंगी. दीड किलो सोललेला लसूण. मिरचीला चीर देऊन तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत परतायची. चीर नसेल तर उडते. लसूण तिच्यातच शेवटच्या दोन मिनिटांना, त्याचा उग्रपणा जाईल इतपत, लाल करायचा नाही. मग खडे मीठ घालून दोन्ही ठेचायचं. मिठाच्या खड्यांनी मिरची पटकन भरडली जाते. मीठ एकूण साडेसातशे ग्रॅमच्या आसपास लागतं, पण आधी सहाशेच घाला, उरलेलं फोडणीनंतर चाखून. मिरची मिसळण्याआधी सात-आठ किलो साधा गर लहान मुलांसाठी आणि वयस्कर मंडळींसाठी वेगळा काढायचा. हे विसरलं तर नंतर उपाय नाही, दही घातलं तर भरीत बिघडतं.

हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. खानदेशातल्या लेवा पाटीदार समाजाच्या घरचं भरीत हिरवट-पांढरंच असतं. बाहेरचे आचारी सवयीने हळदीच्या डब्याला हात घालतात, तेव्हा जवळ उभं राहा.

फोडणी दोन कढयांत, अर्धं-अर्धं. पन्नास किलो गर एका कढईत हलत नाही, खालचा लागतो. एकूण आठ किलो शेंगदाणा तेल. आकडा ऐकून शहरातले पाहुणे दचकतात, पण दहा किलो वांग्यांना किलोभर तेल हे आपलं जुनं माप आहे. तेल तापलं की आधी तीन किलो शेंगदाणे दोन-तीनदा करून तळून काढायचे. रंग बदलायला लागला की लगेच काढा, बाहेर आल्यावरही ते स्वतःच्या उष्णतेने आणखी होतात. मग दीड किलो सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, अर्ध्या मिनिटाचं काम, डोळा हलवला तर काळे. त्याच तेलात पावशेर जिरं. मग कांद्याची पात, एकूण दहा किलो: पांढरे कांदे चिरून आधी, ते नरम पडले की हिरवी पात. पात घातल्यावर दोनच मिनिटं, तिचा हिरवा रंग टिकला पाहिजे. मग गर. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं तळापासून उलथत राहायचं, झाकण ठेवायचं नाही. कडेने तेल सुटायला लागलं की झालं. तीन किलो कोथिंबीर, तळलेले दाणे आणि खोबरं उतरवल्यावर, नाहीतर दाणे मऊ पडतात.

दोन-चार किलो गर फोडणीविना ठेवा. त्यात ठेचलेली मिरची, कच्ची चिरलेली पात, कोथिंबीर आणि वरून कच्चं शेंगदाणा तेल. कच्चं भरीत ते हेच. ताटात चमचाभर वाढा. जाळावरच्या कामाची परीक्षा त्यातच होते, फोडणी काही झाकत नाही.

भाकरीचं काम भरताच्या बरोबरीने चालू ठेवावं लागतं. कळण्याचं पीठ चार भाग ज्वारी, एक भाग सालीसकट काळे उडीद, मीठ दळतानाच. बारा किलो पिठाच्या एकशेवीस भाकरी होतात. एका चुलीवर तासाला वीस, म्हणून तीन चुली दोन तास. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी तुटत नाही, गार झाली तरी खाववते. पण पीठ पंधरा दिवसांपेक्षा जुनं नको, भाकरी थापताना कडेने चिरते. बाकीच्यांसाठी पुऱ्या: अठरा किलो कणकेच्या सातशेच्या पुढे होतात. भरताचं, पुरीचं आणि कढईत उरणारं धरून तेलाचा पंधरा किलोचा एक डबा जेमतेम पुरतो, दोन किलो वेगळं ठेवा. ताटात सोबत मुळा, गाजर, लिंबू, ताक. गोड म्हणून शिरा. शेवभाजी करू नका असं आमचं म्हणणं. ती झणझणीत असते आणि तिच्यापुढे धुराची चव कळत नाही.

कॉलनीत जैन कुटुंबं असतात, त्यांना वांगं, कांदा, लसूण चालत नाही आणि जेवण सूर्यास्ताआधी लागतं. त्यांना 'तुम्ही फक्त भेटायला या' म्हणणं शोभत नाही. वीस माणसांना तीन किलो जाडसर गव्हाच्या पिठाची बट्टी आणि तुरीचं वरण, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. कोणत्या भांड्यात काय हे त्यांच्यातल्याच एका वहिनींना ठरवू द्यावं. पाचला त्यांची पंगत. सोलणं तेव्हा संपत आलेलं असतं, त्यामुळे सगळ्यांना जाऊन बसता येतं.

कार्यक्रम फार ठेवू नयेत. मुलांचे पतंग आणि पोत्यांची शर्यत दुपारी, बायकांची अंताक्षरी सोलता सोलताच होते, जेवणानंतर शेकोटीभोवती गाणी. स्पीकर लावला असेल तर दहाला बंद. धुळे-अमळनेरकडची मंडळी असली की पहिल्या घासाला 'भरीत कसं शे?' हा प्रश्न येतोच, आणि उत्तराची वाट न बघता वाढप्या दुसऱ्यांदा वाढतो.

उरलेलं भरीत गरम असताना डब्यात कोंबून झाकण लावायचं नाही. परातीत पसरून गार करा, मगच वाटा, आणि घरी गेल्यावर फ्रिजमध्ये. कांदा आणि दाणे असल्यामुळे ते रात्रभर बाहेर टिकेल असं धरू नये, थंडी असली तरी. सालींचा ढीग गुरांना टाकण्याआधी शेतमालकाला विचारा, त्यात राख असते. जाळाची जागा बादल्यांनी भिजवून, काठीने उकरून, परत भिजवायची. वरून विझलेली राख आत दोन-तीन तास निखारा धरून ठेवते, आणि वारा पहाटे उठतो.

बडगी साबणाने धुवायची नाही. गरम पाणी आणि खडे मिठाने घासून, उताणी न ठेवता भिंतीला उभी टेकवून, सावलीत सुकवायची. उन्हात ठेवली तर उभी चीर जाते आणि पुढच्या वर्षी गर तिच्यातून गळतो. दोन दिवसांनी शेंगदाणा तेलाचा हात फिरवून, ज्या घरातून आणली त्या घरी मुसळासकट पोचवायची.